दिडकीचा तक्ता

ज्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी एका शिकवणी वर्गासाठी गणिताच्या प्रश्नपत्रिका जुळवत होते. तळमजल्यावरची खोली, एक पंखा, एक प्रिंटर आणि मी. वरच्या मजल्यांवरची मुलं वसतिगृहातलं पाणी संपलं तशी गावोगाव निघून गेली होती. वर्ग बंद पडू नये म्हणून त्यांना घरी पाठवायचे सराव-संच मी तयार करत होते. मुलं नाहीत, पण त्यांचे प्रश्न रोज छापून निघत.

आमच्याकडे हे काम लेटेकवर चाले. ज्यांना ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. यात लिहिताना पान समोर दिसत नाही. आपण फक्त सूचना लिहायच्या, इथे अपूर्णांक, इथे वर्गमूळ, इथे तक्ता. मग यंत्राला म्हणायचं, लाव आता पान. चुकलं तर ते खवळतं आणि घोडं कुठल्या ओळीत अडलंय ते सांगतं. खवळलं तर बरंच. खरी पंचाईत ते गप्प बसतं तेव्हा होते. एकदा मराठी माध्यमाच्या संचात मी अपूर्णांकात वर 'नफा' आणि खाली 'खरेदी' लिहिलं. पान बिनतक्रार लागलं. छापून हातात आलं तर नुसती मधली आडवी रेघ. गणितासाठी ते जी अक्षरं वापरतं त्यांत मराठी नव्हतीच, म्हणून त्यानं दोन्ही शब्द गाळले आणि पुढं गेलं. वर्ग चालवणारे आमचे सर म्हणाले, मुलांनी रेघेवर कपडे वाळत घालायचे का? मी हसले नाही, मला रागही आला नाही. शब्द गणिताबाहेरची अक्षरं म्हणून कसे टाकायचे ते शोधलं, टाकले आणि पुढचं पान घेतलं.

त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. शिवरात्र झाली आणि अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. दवाखान्यात आई रडली, नांदेडहून आलेला दादा रडला. मी औषधांच्या वेळा पाठ केल्या. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, सगळं बधिर झालं होतं. पहाटे उठून टँकरपाशी घागरी लावायच्या, दुपारभर पत्रिका जुळवायच्या, संध्याकाळी अप्पांना कुशीवर वळवायचं. या तिन्हींत मला काही फरक वाटत नव्हता.

अप्पा प्राथमिक शिक्षक होते. औशाच्या आसपासच्या शाळांत त्यांचा जन्म गेला. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा त्यांच्या नोकरीचे सगळे कागद उस्मानाबादहून इकडे आले, आणि सहकारी बढतीचे, बदलीचे मनातले मांडे खात बसले. अप्पा वर्गात गेले आणि म्हणाले, जिल्हा बदलला, दिडकी बदलली नाही, म्हणा. ही गोष्ट ते स्वतःच इतक्यांदा सांगत की आम्ही ती त्यांच्याआधी संपवायचो. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाव, अर्धा, सव्वा, दीड, साडेतीन अशा अपूर्णांकांचे पाढे शाळांतून कधीच हद्दपार झाले होते. अप्पांनी ते निवृत्त होईपर्यंत म्हणून घेतले.

झटक्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द निघेना. पाणी हवं असलं तरी पाणी म्हणता येईना, नुसता जबडा हले. दादा नांदेडला राहायचा, त्यानं तिथं एक स्पीच थेरपिस्ट, म्हणजे गेलेलं बोलणं परत शिकवणाऱ्या, बाई शोधल्या. मग आमच्या अहमदपूर, लोहा अशा एसटीच्या वाऱ्या सुरू झाल्या. बसमध्ये लोक उदगीर जिल्हा कधी होणार यावर हिरिरीनं बोलत. मी अप्पांचं डोकं माझ्या खांद्यावर धरून बसे. बाईंनी पहिल्याच भेटीत आईला विचारलं, यांना पाठ काय काय येतं? आई म्हणाली, पाढे. बाईंनी अंदाजानं सुरुवात केली, एक दीड दीड. आणि ज्या माणसाला बायकोला हाक मारता येत नव्हती तो घडाघडा म्हणायला लागला. बे दीड तीन, तीन दीड साडेचार, थेट पंधरापर्यंत. आईनं हात जोडले. बाईंनी मात्र आम्हाला फार हुरळू दिलं नाही. पाठ म्हणणं वेगळं आणि वाचणं वेगळं, असं त्या म्हणाल्या. पाठ झालेलं जिभेवरून आपोआप घरंगळतं, त्याला समज लागत नाही. मधलाच एखादा आकडा दाखवल्यावर त्यांनी तो वाचून सांगितला, तर आत समज शाबूत आहे असं धरता येईल आणि तिथून शब्दांकडे जाता येईल. नसेल तर उगाच त्यांना एवढा प्रवास घडवू नका. मोठ्या अक्षरांत पाढे छापून आणा, म्हणाल्या.

मोठ्या अक्षरांत छापणं हे माझंच काम. मी दिडकी जुळवली, चार पूर्णांक एक छेद दोन, अशी नव्या पद्धतीनं. अप्पांनी कागदाकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मग माझ्या लक्षात आलं की त्यांनी स्वतःसाठी कधी असं लिहिलंच नाही. ते जुन्या रीतीनं लिहीत. आकड्यापुढं एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. साडेचार लिहायचे तर चारपुढं दोन रेघा, ४॥. पावणेपाच म्हणजे ४॥।. किराण्याच्या चिठ्ठीवरसुद्धा साखर अशीच लिहिलेली असायची आणि नवा दुकानदार ती वाचताना डोकं खाजवायचा.

तेव्हा तसंच छापायचं ठरवलं. गणिताच्या सूचनेत त्या उभ्या रेघा टाकल्या तर त्या नफा-खरेदीसारख्याच गायब. म्हणून तक्ता सगळा साध्या अक्षरांत घेतला. अक्षर अंगठ्याएवढं केलं तर तक्ता पानाबाहेर जायला लागला. मग मी रकान्यांतली मोकळी जागा काढून टाकली. ओळी एकमेकींना चिकटायला लागल्या, तर दोन ओळींमध्ये अंतर घातलं. त्यानं चौकटीच्या उभ्या रेघा तुटल्या, प्रत्येक ओळीपुरता एकेक तुकडा उरला. ते मला दिसलं होतं. पण सबंध तक्ता एका पानावर मावला होता, आकडे उजवीकडे एका रेषेत उभे होते आणि मला घरी जाऊन घागरी भरायच्या होत्या. चालतंय की, म्हणून मी तो छापला.

बाईंनी तो तक्ता अप्पांपुढं धरला आणि मधल्याच आकड्यावर बोट ठेवलं. साडेचारवर ठेवलं तर अप्पा म्हणाले, पावणेपाच. सहावर ठेवलं तर सव्वासहा. साडेसातवर पावणेआठ. बाईंनी पुन्हा विचारलं, ते पुन्हा तेच म्हणाले, जरा चिडून. एकही बरोबर आला नाही. बाई भल्या होत्या, त्यांनी आम्हाला बाहेर नेऊन सांगितलं की आकड्यांचे शब्द तोंडात आहेत, पण डोळ्यांना दिसतं त्याच्याशी त्यांचा मेळ राहिलेला नाही. अजून एकदा या, तेव्हाही असंच झालं तर थांबू. परतताना स्टँडवर दादा मला म्हणाला, "बग, उगं हाल करून काय उपयोग? अप्पा आता आपल्यात न्हाईत, एवढंच समजायचं." अप्पा आमच्या दोघांच्या मध्ये बाकड्यावर बसले होते. मी हो म्हटलं.

त्यानंतर आम्ही त्यांच्या डोक्यावरून बोलायला लागलो. आधीही थोडं बोलत होतो, आता सवय झाली. यांना इकडं सरकव, यांचं धोतर बदल, यांना काय कळतंय. आई तर त्यांना अहो म्हणायचीच बंद झाली. घरात कपाट असावं तसे ते होते, त्याला वळसा घालून आमचे व्यवहार चालत.

शेवटच्या भेटीला जायच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी त्यांच्या खाटेशी तक्ता घेऊन बसले. आशा म्हणून नव्हे. बाई विचारतील, घरी सराव घेतला का, म्हणून. मी बोट ठेवत गेले आणि ते चुकत गेले. सहाला सव्वासहा, नऊला सव्वानऊ, साडेदहाला पावणेअकरा. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. पण इतकी वर्षं गणिताशी संबंध आल्यावर एक खोड लागतेच. मी मनात वजाबाकी केली. प्रत्येक वेळी पाव जास्त. कमी नाही, दुप्पट नाही, नेमका पाव. डोकं गेलेला माणूस इतका शिस्तीत चुकत नाही.

उकाडा फार होता. एसटीचं तिकीट तक्त्यात खुणेला ठेवलेलं होतं. एकाच आकड्याकडे त्यांचं लक्ष राहावं म्हणून ते मी साडेचारच्या उजव्या अंगाला, शेजारच्या रकान्यावर ठेवलं. चौकटीची रेघ झाकली गेली.

अप्पा म्हणाले, साडेचार.

मी तिकीट काढलं. पावणेपाच. ठेवलं. साडेचार. खाली सहावर सरकवलं. सहा. काढलं. सव्वासहा, आणि या वेळी त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं ते वर्गात तेच तेच विचारणाऱ्या पोराकडे पाहत.

रेघ तर माझी होती. चौकटीची. जागा काढून टाकल्यामुळं ती आकड्याला येऊन चिकटली होती आणि ओळीत अंतर घातल्यामुळं तुटून नेमकी पावाच्या रेघेएवढी झाली होती. बाईंना, दादाला, मला ती चौकटच दिसत होती, कारण आम्हाला तिथं चौकट आहे हे ठाऊक होतं. अप्पा समोर जे छापलंय ते वाचत होते. एकही आकडा त्यांनी चुकीचा वाचला नव्हता.

मी स्वयंपाकघरात गेले. आई भांड्यातलं गाळ बसलेलं पाणी वरच्यावर ओतून घेत होती. मी तिला सांगितलं, तक्ता चुकला होता, अप्पा बरोबर होते. तिला रकाने आणि रेघा काही समजल्या नाहीत. मग मी साध्या भाषेत सांगितलं की अप्पा वाचतात, त्यांना कळतं.

तिनं भांडं खाली ठेवलं. "म्हंजी त्यांना समदं कळून राहिलं?"

"हो."

"कवापासून?"

मी म्हटलं, पहिल्यापासूनच असणार. मला वाटलं, ती आता हात जोडेल. तिनं जोडले नाहीत. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि काय आठवत होती ते मला कळलं, कारण मीही तेव्हा तिथं होते. दोन-तीन दिवसांपूर्वी शेजारच्या काकू बसायला आल्या होत्या, अप्पांच्या खाटेच्या अगदी पायथ्याशी. आईची कंबर धरली होती, टँकर आला नव्हता. ती म्हणाली होती, आता महादेवानं यांना उचलावं, यांचे हाल तरी चुकतील आणि माझी रोजची एक घागर वाचेल. काकू हो म्हणाल्या होत्या. मी शेजारी बसून त्यांच्या गोळ्या निवडत होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. अप्पा छताकडे बघत होते.

आईनं हात पदराला पुसले, पदर डोक्यावरून घेतला आणि ती आतल्या खोलीत गेली. मी दारापर्यंत गेले, पुढं जाववलं नाही. ती खाटेजवळ उभी राहिली, बसली नाही.

"अहो," ती म्हणाली, "परवा मी ते बोलले, तसं बोलायला नव्हतं पाहिजे."

अप्पांचा जबडा हलायला लागला. नेहमीसारखाच, पाणी मागताना हलायचा तसा. आता काही येणार नाही, असं मी धरून चालले होते. त्यांनी छताकडची नजर काढली, आईकडे वळवली आणि एकदा गिळलं.

"हाव," ते म्हणाले.

होकाराचा हा शब्द कुठल्या पाढ्यात नाही. आई खाटेशी खाली बसली. त्यांनी डावा हात उचलून तिच्या डोक्याकडे नेला, तो पोचला नाही, खाटेच्या कडेवरच राहिला. मग तिनंच डोकं पुढं केलं. मी दारातच बसले आणि रडले, शिवरात्रीपासूनचं सगळं रडले.