सुट्टीतली शिक्षा

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीतले खालच्या मजल्यावरचे काका दर मे महिन्यात लिफ्टशेजारी नववी-दहावीच्या मुलांसाठी, म्हणजे यंदा माझ्या लेकासाठीही, पुस्तकांची यादी चिकटवतात. प्रत्येक पुस्तकापुढे एकच शेरा: ‘बिल्कुल वाचनीय!’ ती सगळी पुस्तकं त्यांच्या शोकेसमध्ये आहेत, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. धूळ बसत नाही ना! हयात दिल्लीत गेलेली, त्यामुळे यंदा यादीला मथळा दिला, ‘सुट्टीतली शिक्षा’.

मी हसून म्हटलं, “काका, ही हिंदीतली शिक्षा झाली. मराठीत शिक्षा म्हणजे सजा.”

“अच्छा?” चष्मा पुसत ते म्हणाले. “यातलं तुम्ही काय काय वाचलंय?”

मी घाईघाईने लिफ्टचं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी मथळा तोच होता. खाली फक्त पेनाने लिहिलं होतं: ‘पालकांनाही.’