तलावाचा नकाशा

लातूर जिल्हा नवा झाला आणि माझी बदली तिकडे झाली. घर मात्र नांदेडलाच. शनिवारी फटफटीवरून घरी यायचं, सोमवारी पहाटे निघायचं. होळीच्या सुमारास घरामागच्या पिंपळावर भोरड्यांचा नुसता कालवा असायचा. परतीला निघालेली पाखरं ती, पोट भरून घ्यायची. बायको म्हणायची, "तुम्हाला माणसांपेक्षा पाखरांचीच काळजी." खोटं नव्हतं ते.

त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. मुखेडकडून वळसा घातला की एक तलाव लागायचा, त्यात डबक्याएवढं पाणी उरलेलं. त्यावर पट्टकदंब उतरले होते. राखी अंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे. एकेचाळीस मोजले. हिमालय ओलांडायचा होता त्यांना. गावातल्या बाया कोरड्या भागात झिरे खणून वाटीवाटीनं घागर भरायच्या, पण येताना लांबून फेर घालायच्या, पाखरं उठू नयेत म्हणून. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना.

आणि मी शिकलेला शहाणा. कचेरीत चहाच्या वेळी फुशारकीनं सगळं सांगून बसलो. किती पाखरं, ऊन चढल्यावर कशी डुलक्या घेतात. नवे साहेब मन लावून ऐकत होते. मला वाटलं, आपल्यासारखाच एक वेडा भेटला. त्यांनी कागद पुढे सरकवला आणि मी नकाशासुद्धा काढून दिला.

पुढच्या सोमवारी साहेब हसत म्हणाले, "तुमची बदकं झकास निघाली हो. सात मिळाली." सगळे हसले. दुष्काळ बघायला दिलेली जीप, आणि हा गृहस्थ तिच्यात बंदूक घालून फिरतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तोंडातून शब्द फुटला नाही. त्या गप्प बसण्याची चीड मला आजही येते.

शनिवारी तलावावर थांबलो. पाणी होतं, पाखरू एक नव्हतं. झिऱ्याशी बसलेली एक म्हातारी मला येता-जाता पाहून ओळखायची. म्हणाली, "भाऊ, जीपवाले तुमच्या वळखीचे का? हातात कागद घिऊन नीट हितंच आले."

"हाव," मी म्हणालो. "कागद मीच दिला."

ती वाटीनं पाणी भरत राहिली. मग म्हणाली, "घरात चूल पेटना झाली, तरी आमी एकालाबी हात लावला न्हाई."