बोलायचं नाही

इथे अमेरिकेत, अर्विंगमधले आमचे शेजारचे काका हरणाच्या रायफलीची काडतुसं गराजमध्ये सशाच्या शिकारीसाठी हलकी करून भरतात. बंदुकीची दारू चिमूटभरच; एवढ्या मोठ्या काडतुसात ती चुकून दोनदा पडली तरी कळत नाही, आणि मग रायफल हातातच फुटायची. म्हणून भरताना ते अवाक्षर काढत नाहीत. मी नुसतं "काका, चहा?" म्हटलं, की सगळी दारू परत डब्यात. "डिस्टर्ब केलंस ना! आता पहिल्यापासून!" ते असे चिडले की मला हायसं वाटायचं.

काल मात्र ते पुण्याचे किस्से सांगत, हसत भरत होते. शेवटी मीच ट्रे ओढला आणि एकेक काडतूस डब्यात रिकामं केलं.

काकांनी हळूच विचारलं, "मी बोलत होतो का रे?"