चंद्रीनं पान्हा चोरला

परवा सकाळी बापू गेला आणि मला काहीच वाटलं नाही.

हे लिहायला बरं वाटत नाही. पण तसंच झालं. त्याच्या मुलाचा फोन आला. मी "बरं" म्हणालो, शर्ट घातला आणि निघालो.

तिथं सगळे विचारत होते, "काका, ठीक आहात ना?"
सगळ्यांना सांगितलं, "मी ठीक आहे."

मी फेसबुकवर फारसं लिहीत नाही. आज लिहितोय, कारण हे तोंडानं सांगता येणार नाही.

पंचावन्न-छप्पन साल असेल. बापू आणि मी एकाच कॉलेजात, विषय तत्त्वज्ञान. माझे वडील शाळेत मास्तर, म्हणून बापू मलाही "मास्तर"च म्हणायचा. त्याच्या घरी चार म्हशी. संध्याकाळी तो आणि त्याचे वडील, आबा, म्हशी दुधाच्या कट्ट्यावर आणायचे आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात द्यायचे. मी रोज तिथं असायचो. धार काढायला तिथंच शिकलो.

एकदा लेक्चरला सर म्हणाले, "जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल माणूस चुकेल. पण स्वतःच्या मनात काय आहे, ते ज्याचं त्याला थेट दिसतं. तिथं चूक होत नाही."

बापू उभा राहिला.
"मला पटलं न्हाय, सर."
"का बरं?"
"माझा राग माझ्याआधी आमच्या म्हशीला कळतोय. मी म्हणतोय मी शांत हाय, आणि ती पान्हा चोरती. कासेत दूध असून सोडत न्हाय."

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.
आमचे सर हसले नाहीत. म्हणाले, "बसा. पण हे वहीत लिहून ठेवा."

हसणाऱ्यांत मीही होतो. माझं मन मला नाही कळणार, तर कुणाला?

बी.ए.नंतर पुण्याला एम.ए.साठी एक स्कॉलरशिप होती. सरांना एकच नाव द्यायचं होतं. त्यांनी बापूचं दिलं.

मी पेढे घेऊन गेलो. त्याला मिठी मारली. मला मनापासून आनंद झालाय असं सांगितलं, आणि ते मला खरंच तसं वाटत होतं.

अडचण होती चंद्रीची. चंद्री म्हणजे त्यांची सगळ्यात दुधाळ म्हैस. घर तिच्यावर चालायचं. आबांचा हात मोडलेला, आणि बापू आणि मी सोडून ती कुणाला कासेला हात लावू देत नसे.

मी म्हणालो, "तू जा, बापू. चंद्रीचं मी बघतो."

बापू निघायच्या आधीच धार मी हातात घेतली. पहिल्या दिवशी बसलो. चंद्रीनं थेंब दिला नाही.
रेडकू लावलं. खायला आंबोण पुढं केलं. नाही.
दुसऱ्या दिवशी तेच.
तिसऱ्या दिवशी कट्ट्यावर ग्लास घेऊन माणसं ताटकळलेली. एक पैलवान ओरडला, "काय मास्तर, म्हशीला गणित घालताय व्हय?"

बापू शेजारी उकिडवा बसला.
"काय झालंय रं तुला?"
"कुठं काय?"
"हात बघ. दगड झालाय. तिला दुखतंय."
"मला काही झालेलं नाही. तू जातोयस याचा आनंदच आहे मला."
"चंद्रीला तसं वाटत न्हाय."
मी चिडलो. "माझ्या मनातलं मला कळतं, का म्हशीला?"

तो उठला. दुधाची रिकामी चरवी उचलली.
"ऱ्हाऊ दे. मी जात न्हाय पुण्याला. सरांना सांगतो, मास्तराचं नाव घाला म्हणून."

मी घरी निघालो.

रंकाळा तळ्याच्या कडेनं चालताना लक्षात आलं, कुणीतरी शीळ घालतंय.

मीच घालत होतो.

मी कधी शीळ घालत नाही. आमच्या घरात ते चालायचंच नाही.

तिथंच थांबलो. बापू जात नाही म्हणून मला आनंद झाला होता.

परत फिरलो. बापू गोठा झाडत होता.
"तुझं नाव दिलं ते मला आवडलं नाही, बापू. ती जागा माझी आहे असं वाटत होतं. मी मास्तरांच्या घरातला, आणि म्हशीवाल्याचं पोर पुढं गेलं..."


बापूनं खराटा भिंतीला टेकवला.
"मला पेढ्याच्या दिवशीच कळलंय. असा कोंबलास तोंडात, दात हलला माझा."
"मग बोलला का नाहीस?"
"ऐकलं असतंस व्हय? वर्गात सगळ्यांत मोठ्यांदा तूच हसलतास की."

मग म्हणाला, "आता बस."

बसलो. हात आता मऊ होता. थोड्या वेळानं चरवीत पहिली धार वाजली.

बापू पुण्याला गेला. दोन वर्षं चंद्रीची धार मी काढली. मत्सर एका दिवसात गेला असं म्हणणार नाही. अधूनमधून ती पान्हा चोरायची. मग मी तिथंच बसून स्वतःला विचारायचो, आज काय?

पुढं बापूनं जन्मभर कॉलेजात शिकवलं. मी ऑफिसात खर्डेघाशी केली. त्यानं गोठा मात्र मोडला नाही. शेवटी एकच म्हैस राहिली होती, रतन. तिलाही माझ्या हाताची सवय.

परवा स्मशानातून आलो, अंघोळी झाल्या. घरात काहीही घडो, म्हशीची धार चुकवता येत नाही. त्याची सून चरवी घेऊन निघाली. मी म्हणालो, "मी काढतो. मी ठीक आहे."

बसलो.

रतननं थेंब दिला नाही.

सून जवळ आली. मग हळूच म्हणाली, "काका, हात सैल सोडा. लई घट्ट धरलाय."

हात सोडला. मग बाकीचंही सगळं सुटलं. साठ वर्षांत त्या गोठ्यात मी असा रडलो नव्हतो.

बापू, मी ठीक नाही.

तू जा. रतनचं मी बघतो.