शालूचं लग्न आणि फ्रान्सची हरकत

युरोपातल्या मुत्सद्द्यांनी आपापल्या देशांची जेवढी काळजी केली नसेल, तेवढी आमच्या मावशीच्या यजमानांनी चाकणला बसून केली. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते प्राथमिक शाळेत गुरुजी होते आणि पुण्याहून दुपारच्या मोटारीने येणारं वर्तमानपत्र उत्तरपत्रिकेसारखं लाल शाईने तपासायचे. पन्नास सालानंतरची ती वर्षं. अणुबॉम्बच्या चाचण्या थांबवण्याचा करार होणार, अशी हवा होती. त्यावर कोण काय म्हणालं, हे काका जेवताना ताटात कांद्याच्या फोडी मांडून समजावत. ही फोड इंग्लंड: स्वागत आहे, पण अटी आहेत. ही पश्चिम जर्मनी: आनंद आहे, पण धास्तीही आहे. हा फ्रान्स: आधी तुमचे बॉम्ब मोडा, मग आम्हाला शिकवा. "म्हणजे करार झाला की नाही?" असं मी विचारलं, की काका फोडींच्या जागा बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. एकदा ऐकता ऐकता मी बेल्जियम खाऊन टाकलं, तर दोन रविवार ते माझ्याशी बोलले नाहीत.

मी तेव्हा पिंपरीला औषधांच्या कारखान्यात होतो आणि दर रविवारी चाकणला जायचो. काकांच्या एकुलत्या एक मुलीसाठी, शालूसाठी, माझ्याच खात्यातला, कुरुळी गावचा मुलगा मी सुचवला. मुलगा सगळ्यांना पसंत पडला, शालूलाही. अडलं ते काकांपाशी. करारावर सह्या झाल्याशिवाय तिथी धरायची नाही, असं त्यांनी जाहीर केलं. जग राहणार की नाही याचाच पत्ता नसताना पोरीला परक्या घरी धाडायचं कसं? मावशीने अबोला धरला, मी हातापाया पडलो. काका म्हणत, दोन आठवडे थांबा. असे चार महिने गेले.

शेवटी मुलाचे वडील स्वतः आले. दुसरं स्थळ सांगून आलंय, तेव्हा आज काय ते सांगा, असं ते नम्रपणे म्हणाले. काकांनी त्यांना अर्धा तास फ्रान्सचं म्हणणं सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ह्ये फ्रान्सवाले गुरुजींचे कोन लागत्यात? हरकत त्यांची आसंल तर आमी त्यांना जाऊन भेटतो."

मी सांगू लागलो की ते नातलग नव्हेत, तो देश आहे आणि कराराच्या बोलण्यांत तर तो नाहीच. मग त्याच्या हरकतीने आपलं का अडावं, हे मात्र माझं मलाच सांगता येईना. पाहुणे टोपी घालून उठले.

तेवढ्यात आतून शालू आली आणि पाहुण्यांच्या पाया पडली. मग म्हणाली, "बाबा, फ्रान्सवाल्यांचं ठरेल तेव्हा ठरेल. माझं ठरलंय."

काकांनी उठून खुंटीवरचं पंचांग काढलं.

लग्नानंतरच्या रविवारी मी गेलो, तेव्हा ते ओसरीवर एकटेच बसले होते. कराराची बोलणी पुन्हा लांबणीवर पडली, असं मी सांगितलं. लंडनपासून मॉस्कोपर्यंतचं अंतर तोंडपाठ असलेल्या त्या माणसाने मला हळूच विचारलं, "कुरुळी इथून किती रे?"

"चारेक मैल, काका."

"म्हणजे लांबच की," काका म्हणाले.