जिन्यावरून पडणारी बाई

घरात आणि घराबाहेर तिला सगळे गोगलगाय म्हणायचे. आई लाडात असली की ‘गोगल’, चिडली की ‘गोगे’. एक कप चहा संपवायला तिला पाऊण तास लागायचा. शेवटचा घोट तर ती कपाची समजूत घालून घ्यायची. शाळेत असताना एकदाच धावण्याच्या शर्यतीत उतरली होती. ती पोचली तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती, आणि उरलेला एक पुष्पगुच्छ प्रमुख पाहुण्यांनी कसनुसं हसत तिच्या हातात दिला. तो फोटो आईनं कपाटाच्या आतल्या बाजूला लावलाय. बाहेरच्या बाजूला लावायची तिची हिंमत झाली नाही.

अशा मुलीनं ॲनिमेशनचा कोर्स घेतला तेव्हा शेजारच्या काकू तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांना काय माहीत, की त्या धंद्यात एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात आणि एक सेकंद करायला आठवडा घेणाऱ्याला तिथे कुणी मंद म्हणत नाही, मेहनती म्हणतात.

आता बाहेरच्यांना वाटतं, तिथे ससे नाचवायला आणि ढगांना डोळे काढायला शिकवत असतील. छे. तिथे पहिल्या दिवसापासून हाणामारी. पहिला प्रोजेक्ट, चेंडू जमिनीवर आपटा. नुसता नाही, आदळताना तो चपटा झाला पाहिजे आणि उसळताना ताणला गेला पाहिजे. दुसरा, पिठाचं पोतं लाथेनं उडवा, असं की बघणाऱ्याला पोत्याची कीव आली पाहिजे. तिसरा प्रोजेक्ट म्हणजे एका माणसानं दुसऱ्याच्या कानाखाली जाळ काढायचा. आणि चौथा, ज्याच्यावर सत्राचे निम्मे गुण होते, तो एका ओळीचा: माणूस जिन्यावरून पाडा.

शिकवणाऱ्या सरांना मुलं हाडवैद्य म्हणत. कुणाचंही चित्र समोर ठेवलं की ते आधी त्यातली हाडं चाचपायचे. थोबाडीत मारण्याच्या प्रोजेक्टच्या वेळी त्यांनी मुलांना जोड्या करून एकमेकांना मारायला लावलं. वर्गातल्या एका चष्मेवाल्याचा गाल दोन दिवस टम्म होता. गोगलच्या वाट्याला आलेला जोडीदार मात्र सुखी होता. ती हात उचलायची, तेवढ्यात तो खाली वाकून बुटाची नाडी बांधून परत गाल पुढे करायचा.

“मार हातात नसतो,” हाडवैद्य म्हणाले. “हात मागे जातो ना, त्यात असतो. खांदा खाली, कोपर मागे, मग जरासं थांबणं. बघणाऱ्याला तिथंच लागलं पाहिजे. नंतरची चपराक नुसती पोच आहे.”

गोगलनं हे वहीत लिहून घेतलं. लिहायला अर्थातच बराच वेळ लागला.

जिन्याचा प्रोजेक्ट मिळाला त्याच आठवड्यात मंगळवारी दुपारी तिची मोठी बहीण घरी आली. आली म्हणजे आणली गेली. डाव्या खांद्याचं हाड मोडलेलं, हात झोळीत, डोक्याच्या मागे चार टाके. घरातला सगळा वेग देवानं या थोरलीला देऊन टाकला होता. ती बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला जागा मिळत नसे. त्या दिवशी ती पलंगावर बसली आणि भिंतीकडे बघत राहिली.

बोलले ते भाऊजी. ते फरशी आणि टाईल्सच्या दुकानात विक्रेते होते, आणि त्यांच्या जिभेलाही तसंच पॉलिश होतं. “चूक माझीच, बाबा,” ते छातीवर हात ठेवून म्हणाले. “मीच हौसेनं घरच्या जिन्याला चकचकीत टाईल लावली. हिच्या चपला ओल्या. सटकली. वरून चौथ्या पायरीची टाईल तडकली बघा, नवी कोरी. रविवारी येतो न्यायला. तोवर आईच्या हातचं खाऊ दे.”

बाबांनी मान हलवली. बाबा सामान हलवण्याचं काम करत. माणसांची कपाटं, फ्रिज, पलंग तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून पाठीवर घेऊन उतरवायचे. तीस वर्षांत एका वस्तूला ओरखडा नाही, अशी त्यांची ख्याती होती. उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. जावयावर त्यांचा जीव होता, कारण जावई त्यांच्या वाट्याचंही बोलायचा. आणि आई? जी बाई भाजीवाल्याकडून तीन गल्ल्यांतल्या सासू-सुनांची भांडणं काढून घ्यायची, तिनं पोटच्या पोरीला एक प्रश्न विचारला नाही. डाळ निवडत बसली. ती डाळ आदल्या दिवशीच निवडून झाली होती.

गोगलचं खरं सांगायचं तर तिला आधी आनंदच झाला. जिन्यावरून पडलेलं माणूस घरात, तेही हक्काचं. लाज वाटून दोन तास थांबली, मग वही घेऊन पलंगापाशी गेली.

“ताई, आधी काय आपटलं?”

“काय?”

“पाय घसरला. मग सगळ्यांत आधी काय टेकलं?”

“कंबर,” ताई म्हणाली.

“मग कंबरेला कसं काही लागलं नाही?”

“हात. हात टेकले.”

“दाखव.”

“गोगे, माझं डोकं ठणकतंय. पडू दे मला.”

पण जखमांची चित्रं तिनं काढू दिली. या मुलीचा कधी कुणाला धोका वाटला नव्हता, बहिणीलाही वाटला नाही. गोगलनं कागदावर टाके काढले, खांद्याच्या मागची जांभळी-काळी सूज काढली, ती किती बोटं रुंद ते मोजलं. चौथी पायरी भाऊजींनी सांगितलीच होती. मग जिथे लागलंय तिथून उलटी निघत तिनं पडणं रचलं. शुक्रवारपर्यंत अठ्ठेचाळीस चित्रं झाली. दोन सेकंद.

हाडवैद्यांनी ते दोन सेकंद चार वेळा पाहिले आणि चष्मा पुसला.

“ही काय करतेय?”

“पडतेय, सर.”

“नाही. पाय घसरला तर माणूस बसकण मारतो. कंबर, कोपरं. ठेचकाळला तर तोंडघशी जातो. तळहात, गुडघे. हिचं हे सगळं कोरं. ही पाठमोरी जातेय, आणि पहिल्या तीन पायऱ्यांना शिवतसुद्धा नाही, थेट चौथीवर डोकं. स्वतःहून कुणी असं उडत नाही. हिला ढकललंय. ढकलणारा कुठंय?”

“पण ती घसरलीय, सर.”

“कोण म्हणतं?”

“ती स्वतःच.”

वर्ग खो खो हसला. हाडवैद्यही हसले. “मग तिला म्हणावं, खोटं तरी नीट बोल. परत काढ. एक पात्र राहिलंय तुझं.”

गोगललाही हसू आलं. वर्गातून बसथांब्यापर्यंत ते टिकलं. बसमध्ये खिडकीपाशी बसल्यावर ते गेलं. ती तीन थांबे पुढे गेली आणि चालत परत आली.

घरी बाबा स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ काढत होते, सेल बदलायला. खांदा खाली, कोपर मागे. खाली बसलेल्या ताईचे डोळे गच्च मिटले, मान खांद्यांत गेली. बाबांना दिसलं नाही, त्यांची पाठ होती. गोगलला दिसलं. ताईला मार कुठून सुरू होतो ते माहीत होतं, आणि ती काही हाडवैद्यांच्या वर्गात बसलेली नव्हती.

गोगल स्वयंपाकघरात गेली. “आई, ताई घसरली नाहीये. सर म्हणाले.”

आईनं गॅस बारीक केला. “तुझ्या सरांना सांग, स्वतःच्या घरची चित्रं काढा.”

“रविवारी तो तिला घेऊन जाईल.”

“नवरा आहे तिचा. घेऊन जाणारच.” आणि मग भांड्यात बघत, हळूच, “तिनं स्वतः काही म्हटलंय का? नाही ना. मग आपण कोण?”

शनिवारचा अख्खा दिवस गोगलनं चित्रं काढण्यात घालवला. चहा तीनदा गार झाला. ताईनं कुशीवर वळून एकदा विचारलं, “अजून तेच?” गोगल म्हणाली, “हो. एक पात्र राहिलंय.” ताई परत भिंतीकडे वळली.

रविवारी अकराला भाऊजी आले. ताईची पिशवी दाराशी भरून ठेवली होती. आई चहा टाकायला आत गेली. गोगलनं लॅपटॉप आणून टीपॉयवर ठेवला आणि म्हणाली, “भाऊजी, माझे प्रोजेक्ट बघता?”

“बघू की. आमची मेव्हणी काय काय करते.” ते खुशीत होते.

चेंडू आपटला. भाऊजी हसले. पोत्याला लाथ बसली, त्यांनी मांडीवर थाप मारली. मग जिना आला. एक बाई उतरतेय, चप्पल सटकते, ती बसकण मारते, कोपरं घासत चार पायऱ्या खाली.

“अस्संच,” भाऊजी बाबांना म्हणाले. “डिट्टो असंच झालं.”

“आता दुसरं,” गोगल म्हणाली.

तोच जिना. तीच बाई, पण जिन्याकडे पाठ. बाजूनं एक हात येतो, नुसता हात, माणूस दिसत नाही. बाई उडते. एक, दोन, तीन पायऱ्यांवरून हवेतून. चौथीवर डोकं, पाचवीवर खांदा. मग खालपर्यंत पिठाच्या पोत्यासारखी.

बाबा पुढे वाकले. “परत लाव.”

तिनं लावलं. बाबांनी तीनदा बघितलं. मग कुणाकडेच न बघता म्हणाले, “कपाट हातातून निसटलं तर ते पहिल्या पायरीला आपटतं. मग दुसरीला. पायऱ्या सोडून जात नाही. सोडून गेलं, तर वरच्या माणसानं लोटलं असं समजायचं.”

“बाबा, हे कार्टून आहे,” भाऊजी म्हणाले.

“पोरी,” बाबा ताईला म्हणाले, “तळहात दाखव.”

ताईनं उजवा हात मांडीवर उलटा केला. झोळीतल्या डाव्याची बोटं उघडली. एकही ओरखडा नव्हता.

“गोगल,” ताई म्हणाली. सहा दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज पूर्ण निघाला. “चुकलंय तुझं.”

“बघा,” भाऊजी म्हणाले. “तीच म्हणतेय.”

“एक हात नव्हता. दोन होते, छातीवर. आणि पायात चपला कसल्या दाखवल्यास? मी अनवाणी होते. त्याच्या आधी केस धरून डोकं दोनदा दाराच्या चौकटीवर आपटलं, ते तू काढलंच नाहीस. आणि मी पडल्यावर हा खाली आला तो मला उचलायला नाही. टाईल बघायला.” बोलताना तिचा वेग परत आला होता, कुणाला मध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती.

भाऊजी उठले. खांदा खाली गेला, कोपर मागे गेलं. गोगलला प्रत्येक चित्र सुटं दिसत होतं, आणि त्या जराशा थांबण्यात ती ताईच्या पुढे जाऊन उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा ती कुठेतरी वेळेवर पोचली. चपराक तिच्या जबड्यावर बसली. समोरच्या दाताचा तुकडा उडाला, ती टीपॉयवर आपटली, लॅपटॉप खाली, तोंडातलं रक्त त्यावर. भाऊजींनी तिच्या बरगडीत लाथ घातली. दुसरी घालायला पाय मागे नेला तेव्हा दारात आई होती, चार कप भरलेल्या ट्रेसकट. आईनं ट्रे कुठे ठेवायचा याचा फार विचार केला नाही. कप आधी तोंडावर, मग कपाळावर ट्रेची कड.

ते ओरडत डोळे चोळायला लागले तोवर बाबा आले होते. बाबांनी त्यांना मारलं नाही, असं बाबा अजून सांगतात. त्यांनी फक्त उचललं, तीस वर्षं उचलतात तसं: गुडघे वाकवून, पाठ ताठ, एक हात खाली, एक कमरेला. फ्रिजपेक्षा हलकाच निघाला जावई. हातपाय झाडत होता, पण फ्रिजचं दारही वाटेत उघडतंच. तीन मजले बाबा त्याला घेऊन उतरले. सामानाला ओरखडा येऊ न देण्याची त्यांची ख्याती त्या जिन्यात गेली. पहिल्या वळणावर कठड्याला कान घासला, दुसऱ्यावर भिंतीला कोपर लागून कडाडलं, आणि तळमजल्याच्या दारातून काढताना, रुंदीचा अंदाज कधी न चुकणाऱ्या माणसाचा अंदाज दोनदा चुकला. शेजारच्या काकू सगळ्या वेळ दार किलकिलं करून उभ्या होत्या. त्यांच्यामुळेच तर एवढा तपशील मिळतो.

ताई परत गेली नाही. सोमवारी तिनं पोलिसात तक्रार लिहून दिली, डॉक्टरांचा कागद जोडला. भाऊजींनीही बाबांवर केली. दोन्हीच्या तारखा कोर्टात चालू आहेत. दाराशी भरलेली पिशवी ताईनं एका हातानं रिकामी केली, कुणाला हात लावू दिला नाही.

गोगलचा प्रोजेक्ट आठवडाभर उशिरा गेला. हाडवैद्यांनी तो पाहिला: दोन हात, अनवाणी पाय, दाराची चौकट. मग तिचा सुजलेला जबडा पाहिला, तुटका दात पाहिला. उशिराचे गुण मात्र कापले.

पुढचा प्रोजेक्ट निघाला ‘जड वस्तू घेऊन जिना उतरणारा माणूस’. गोगल वही घेऊन बाबांपुढे बसली.

“बाबा, त्या दिवशी त्याचं आधी काय आपटलं?”

बाबा बराच वेळ चप्पल शोधत राहिले. ती त्यांच्या पायातच होती. “कान,” ते म्हणाले. “मग कोपर, दुसऱ्या वळणावर. वळण अरुंद आहे ते. मुद्दाम नाही केलं काही.”

“मुद्दाम,” ताई आतून म्हणाली.

गोगलनं तेही लिहून घेतलं.