पहिल्या आवृत्तीत वारलेली आत्या

पुण्यात काही घराण्यांना आपला कुलवृत्तांत छापून काढायची खोड असते. मूळ पुरुष कुठून आला, कोणत्या पिढीत कोण झालं, कोणाला किती मुलगे, हे सगळं एका जाडजूड पुस्तकात घालायचं आणि ते पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून द्यायचं. आमची पहिली आवृत्ती बाबांच्या लहानपणी निघाली होती. दुसरी काढायची ठरली तेव्हा घराण्याच्या मंडळातल्या समस्त निवृत्त काकांना एकाच वेळी शोध लागला की घराण्यात एक मुलगी कॉम्प्युटरवर काम करते. तोवर त्यांच्या लेखी मी नुसती ‘कन्या एक’ होते.

मी तेव्हा हडपसरच्या एका कंपनीत होते. सन दोन हजार उजाडायच्या आत परदेशी विमा कंपन्यांच्या जुन्या प्रोग्रामांतल्या तारखा दुरुस्त करायच्या, हे आमचं काम. आठवडाभर परक्या म्हाताऱ्यांच्या तारखा निस्तरायच्या आणि रविवारी घरच्यांच्या. कुलवृत्तांतासाठी मी एक साधा प्रोग्राम लिहिला. मयत माणसाचं मृत्यूचं साल दिलं नाही तर तो पुढे सरकत नसे. मूळ पुरुषाला मी वयाचा मान म्हणून सूट दिली, बाकी कोणाला नाही.

त्यात आजोबांची धाकटी बहीण अडकली. तिच्यापुढे फक्त ‘अल्पवयात वारली’ एवढंच छापलं होतं. बाबांना आपल्या या आत्याचं नाव तेवढं ठाऊक होतं, कारण दर सर्वपित्री अमावास्येला ते भटजींच्या मागोमाग उच्चारावं लागे. आजोबा उच्चारत, म्हणून तेही. साल विचारलं तर म्हणाले, गेलेल्या माणसाचं साल घेऊन तू काय लोणचं घालणार आहेस?

मी हट्टाला पेटले. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांसाठी सरकारी कचेरीत हेलपाटे घातले. जन्म सापडला, मृत्यू काही सापडेना. मग घराण्यातल्या मुली ज्या शाळेत जात ती शाळा गाठली आणि तिथल्या जुन्या रजिस्टरमध्ये बोट फिरवत गेले, तर ही अल्पवयात वारलेली मुलगी चक्क मॅट्रिक पास झालेली. मुख्याध्यापिका माझ्या खांद्यावरून डोकावल्या आणि म्हणाल्या की या तर आमच्या बाई, पुढे इथेच शिकवायला होत्या. आता बिबवेवाडीला राहतात, दर वर्षी स्नेहसंमेलनाला येतात आणि नाटक पडलं असं तोंडावर सांगून जातात. रक्त आमचंच, याबद्दल माझी खात्री पटली.

मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं, तर त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. त्यांच्या पिढीला सगळं माहीत होतं. तिने जातीबाहेर लग्न केलं आणि तिच्या वडिलांनी तिचं जिवंतपणीच श्राद्ध घालून हात झटकले.

“पहिल्या आवृत्तीत त्या वारल्या आहेत,” अध्यक्ष म्हणाले. “घरच्या कर्त्या पुरुषाने लेखी दिल्याशिवाय आम्हाला त्यांना जिवंत करता येणार नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक बाई श्वास घेते आहे की नाही, हे ठरवायलाही पुरुषाची सही हवी. आणि आमच्या घरचे कर्ते पुरुष म्हणजे बाबा. सही करणं म्हणजे आपले वडील जन्मभर खोटं वागले असं लिहून देणं, आणि आजोबा तर बाबांचं दैवत. रात्री जेवताना त्यांना सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे मी जिवंत बाईला तिलांजली देत होतो. मग भरल्या ताटावरून उठले. आमच्या घरात असं कधी होत नाही. त्यांनी सही केली नाही तर ती बाई आणखी एका आवृत्तीत मरणार होती.

रविवारी बाबांनी मंडळाचा माहितीचा फॉर्म खिशात घातला आणि स्कूटरवर मला मागे बसवून धायरीहून बिबवेवाडीला निघाले. सही करणार का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दार आत्यानेच उघडलं. काटक बाई. यजमान कधीच गेलेले, मूलबाळ नव्हतं. तिने बाबांकडे नीट पाहिलं आणि नाक दादाचं घेतलंस म्हणाली.

बाबा खुर्चीच्या कडेवर बसले आणि त्यांनी आडवळण न घेता सांगून टाकलं. “आम्ही दर वर्षी तुमचं श्राद्ध घालतो.”

“माहीत आहे. खीर चांगली असायची.”

सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी आजोबा डब्यातून खीर घेऊन यायचे, म्हणे. दारातच सांगायचे, घे, तुझ्याच श्राद्धाची आहे. मग दोघं भावंडं पोट धरधरून हसायची. वडिलांपुढे तोंड उघडायची आजोबांची छाती नव्हती, आणि वडील गेल्यावर लाज वाटत राहिली. तिने त्यांना केव्हाच माफ केलं होतं. मी केलं नव्हतं.

बाबांनी विचारलं, “माझे वडील गेल्याचं तुम्हाला कोणी कळवलं?”

“कोण कळवणार? मी तर आधीच गेलेली. त्या वर्षी डबा आला नाही, तेव्हा समजले.”

बाबा रडले. आजोबा गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. आत्या उठून आत गेली आणि चहा टाकून बऱ्याच वेळाने बाहेर आली.

चहा झाल्यावर बाबांनी फॉर्म काढला, खाली आधी स्वतःची सही केली आणि बाकी कोराच फॉर्म तिच्यापुढे सरकवला. तुमची माहिती तुम्हीच भरा, म्हणाले. तिने फळ्यावरच्यासारख्या गोल अक्षरात सगळं भरलं. मृत्यूच्या रकान्यापाशी थोडी थांबली आणि तिथे लिहिलं, ‘यथावकाश कळवू.’ मी हसले.

बाबा हसले नाहीत. “कळवणार कोण?” त्यांनी विचारलं.

आत्याने पेनाला टोपण लावलं. बाबा उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि त्यांनी आमच्या घरचा फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहिला. मग त्याच्या वर लिहिलं, भाचा.